मनात धरलेला कौल

ओढणीचं टोक मुठीत धरून स्वप्नालीने गाभाऱ्याचा उंबरा ओलांडला आणि ती देवाच्या अंगावरचं पाणी पुसायला लागली.

काळ्या पाषाणाला नुकतीच अंघोळ घातलेली होती. ज्ञानू गुरव कळशी घेऊन आडावर गेला होता, तो येईपर्यंतच काय ती सवड. खांद्यापासून छातीपर्यंत तिने उजवी बाजू कोरडी केली, ओलसर वाटली म्हणून पुन्हा दाबून पुसली. डावी बाजू तशीच निथळत ठेवली. घाईत ओढणी समईत जाता जाता राहिली. बाईमाणसाने गाभाऱ्यात पाऊल टाकायचं नाही, हे तिला बोलता येत नव्हतं तेव्हापासून ठाऊक होतं. पण मोठी भीती आली की धाकटी आपोआप अंग चोरून बाजूला उभी राहते, तसं तिचं झालं होतं.

कळशी उंबऱ्याला लागल्याचा आवाज आला, तेव्हा ती बाहेर येऊन खांबाला टेकली होती.

"कृष्णाताची पोरगी न्हवं का तू?" ज्ञानू गुरवाने विचारलं. "एकटीच? मंडळी कुठं हाईत?"

"येत्यात मागनं. आईला चढ चढवंना."

"व्हय, कानावर आलंय माझ्या." तो चुकचुकला आणि शेवंतीच्या पाकळ्या निवडायला बसला. देवाकडे त्याने पाहिलं नाही. स्वप्नालीने पाठीमागे नेऊन ओढणीचं ओलं टोक पिळलं.

आजऱ्याच्या पुढच्या त्या गावात कौल लावल्याशिवाय पान हलत नाही. बोअर मारायची असो, काजूची बाग घ्यायची असो, नाहीतर मुंबईला गेलेला पोरगा परत येणार का ते बघायचं असो. गुरव दोन पाकळ्या पाण्यात बुडवून रवळनाथाच्या दोन खांद्यांवर चिकटवतो. उजवी आधी पडली की होय, डावी आधी पडली की नाही. गावाची आणखी एक रीत आहे. प्रश्न तोंडाने बोलायचा नाही, मनात धरायचा. बोलून दाखवलेला कौल देव घेत नाही, आणि मनात धरलेलं कुणी कुणाला विचारत नाही. आज स्वप्नालीची आई, आक्काताई, कौल धरणार होती. काय धरणार, ते मात्र न सांगताही साऱ्या घराला माहीत होतं: छातीचं ऑपरेशन करायचं की नाही.

स्वप्नाली कोल्हापूरला विद्यापीठात संख्याशास्त्राचं एम. एस्सी. करत होती, दुसऱ्या वर्षाला होती. पोरगी आकड्यांचं शिकते म्हणून डॉक्टरांनी आकडे तिलाच सांगितले. आईच्या हृदयाची झडप निकामी होत चालली होती. ऑपरेशन केलं तर शंभरातले ब्याण्णव-त्र्याण्णव जण आपल्या पायांनी घरी जातात. नाही केलं तर दोन-तीन वर्षं, आणि तीही अशीच धापा टाकत. तिचे वडील, आबा, शेजारी बसून डॉक्टरांच्या तोंडाकडे आणि मग लेकीच्या तोंडाकडे बघत राहिले होते, परक्या मुलखात वाट विचारणाऱ्या माणसासारखे.

दैव असं वाकडं की स्वप्नालीचा प्रकल्पही नेमका ह्याच गोष्टीवर होता. एका दवाखान्यातल्या हृदयरोग्यांची माहिती, नावं काढून टाकलेली. एका ओळीत एक माणूस: वय, बाई की पुरुष, किती दिवस जगला, आणि शेवटच्या रकान्यात शून्य किंवा एक. एक म्हणजे गेला. वर्षभर ती चहाचे घोट घेत त्या एकांची आणि शून्यांची गणितं मांडत आली होती, आलेख सुंदर आला की मैत्रिणींना बोलावून दाखवत होती. डॉक्टरांना भेटून आली त्या दिवशी तिने लॅपटॉप उघडला, आईच्या वयाच्या, अठ्ठेचाळीस वर्षांच्या बायकांच्या ओळी शोधल्या, शेवटच्या रकान्यापर्यंत नजर नेली आणि झाकण मिटलं. त्यानंतर तिला ते उघडवलंच नाही. पुस्तक हातात घेऊन ती तसंच खाली ठेवायची. परीक्षा तोंडावर आली होती आणि ती वसतिगृहाच्या खोलीत छताकडे बघत पडून राहायची.

तरी ऑपरेशनचं ठरत आलं होतं. आडवे आले ते तात्या. पिराजीतात्या म्हणजे आबांचे थोरले भाऊ, घरचे कारभारी. त्यांची बायको, स्वप्नालीची थोरली काकी, चार वर्षांपूर्वी ऑपरेशनच्या टेबलावरच गेली होती.

"तवा घाई केली," तात्या म्हणाले, "कौल लावला न्हाय. ह्या बारीला कौल लावल्याबिगर पाऊल टाकायचं न्हाय."

"तात्या, एका माणसावरनं काय ठरत नसतंय," स्वप्नाली बोलून गेली होती.

तात्यांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. मग म्हणाले, "ते एक माणूस माझी बायको हुती."

भाताची सुगी उरकली की रविवारी कौल लावायचा, असं ठरून गेलं.

स्वप्नालीला झोप लागेना ती तेव्हापासून. कौल म्हणजे नाणेफेक, हे तिला शिकवायला कुणी नको होतं. डॉक्टरांचे ब्याण्णव त्या एका पाकळीपाशी येऊन पन्नास होणार होते. आणि आई देवाच्या शब्दाबाहेर जाणारी नव्हती. डावी पाकळी पडली की ती निमूट घरी येऊन चुलीपुढे बसेल, आणि दोन वर्षांनी तिच्या ओळीपुढे कुणीतरी एक लिहील. ह्या विचाराने ती रात्रीतून उठून बसायची.

विभागातल्या विद्याश्री मॅडम पहिल्याच तासाला सांगायच्या, "प्रश्न आधी ठरवायचा, आकडे नंतर बघायचे. आणि आकड्यांना हात लावायचा नाही. हात लावणारा माणूस हुशार असतो, पण तो आपल्या कामाचा नसतो." गेल्या वर्षी एका मैत्रिणीने सर्वेक्षणाची उरलेली उत्तरं खोलीत बसून भरली होती, तेव्हा स्वप्नालीने तिच्याशी चार दिवस अबोला धरला होता. तीच स्वप्नाली आज देवाच्या खांद्याला हात लावून आली होती. कोरड्या बाजूची पाकळी लवकर सुटते, एवढंच साधं शास्त्र होतं.

मंडळी आली. आई दोन पायऱ्या चढून थांबायची, पुन्हा दोन चढायची. आबा तिच्या कोपराला आधार द्यायला हात पुढे करायचे आणि लोक बघतात म्हणून मागे घ्यायचे. तात्या मात्र सगळ्यांच्या पुढे, टोपी हातात घेऊन. मंडपात आल्यावर आई भिंतीला टेकून बराच वेळ नुसती श्वास घेत बसली. तिच्या ओठांवरचा निळसरपणा स्वप्नालीला बघवेना.

"धरा मनात," ज्ञानू गुरव म्हणाला.

आईने पदर सावरला, हात जोडले, डोळे मिटले. तिने फार वेळ घेतला नाही. ज्ञानूने पाकळ्या बुडवल्या, दोन्ही खांद्यांवर एकेक टेकवून अंगठ्याने दाबल्या आणि तो बाजूला झाला.

कुणी हलेना. मंडपाच्या पत्र्यावर वाळलेली पानं सरकत होती, तेवढाच आवाज. स्वप्नालीचे डोळे उजव्या पाकळीवर खिळले होते. ती पड म्हणता पडेना. तिला वाटलं, ज्ञानूने फारच दाबली. मग वाटलं, आपल्याला शिक्षा म्हणून देव आता दोन्ही धरून ठेवणार. तेवढ्यात पाकळीची कड वर उचलली गेली, ती जराशी घसरली आणि सुटून खाली पडली.

स्वप्नालीने कितीतरी दिवसांनी पुरता श्वास सोडला.

"डावा," ज्ञानू गुरव म्हणाला.

"डावा कसा?" ती जवळजवळ ओरडली. "उजवी पडली की! समद्यांनी बघितलंय."

"अगं बाय, आपली उजवी." ज्ञानूला हसू आलं. "कौल देवाच्या उजव्या-डाव्याचा असतोय. त्यो आपल्याकडं तोंड करून उभा हाय न्हवं? शिकल्या-सवरलेल्या पोरी तुम्ही, एवढं बी ठावं न्हाय?"

ठाऊक होतं. लहानपणापासून ठाऊक होतं. पण घाबरलेल्या माणसाला कुठलं आलंय डावं-उजवं! स्वप्नाली खांबाला धरून खाली बसली. नाण्याला नाण्यासारखं पडू दिलं असतं तर निदान पन्नास तरी होते. ते पन्नासही तिने आपल्या हाताने पुसून टाकले होते. सांगावं का? सांगितलं तर गाभाऱ्यात शिरल्याचं सांगावं लागेल, आणि मग तात्या पुन्हा कौल लावू देणार नाहीत, देव विटाळला म्हणतील. न सांगावं तर आई घरी जाईल.

"देवाची मर्जी," तात्या टोपी घालत म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटका होती. "चला. औषधं चालू ठेवूया."

"थांबा भावजी," आई म्हणाली. ती भिंतीला धरून उठली. "आप्रेशन करायचं."

"आक्काताई, डावा पडलाय."

"व्हय की. मी इचारलंतं, आप्रेशन टाळू का म्हणून. देव न्हाय म्हणतोय."

तात्या आधी आईकडे, मग गुरवाकडे बघायला लागले. ज्ञानू गुरवाने कान खाजवला.

"मनात धरलेलं देवाला आणि धरणाऱ्याला ठावं," तो म्हणाला. "ती म्हणत्या ते खरं."

तात्यांनी बराच वेळ पायऱ्यांकडे पाहिलं. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं आणि म्हणाले, "मग माझी ना न्हाय."

उतारावर स्वप्नाली आईच्या मागून चालत होती. जीव भांड्यात पडला होता, पण भांडं हलत होतं. आईने खरंच आधीच तसा प्रश्न धरला होता, की पाकळी बघून नंतर फिरवला? कौल धरणारी कुठली बाई 'टाळू का' असं विचारते? एकदा वाटलं, विचारावं. पण उत्तर ऐकायची तिला छाती झाली नाही, आणि विचारायची तर रीतच नव्हती.

शुक्रवारी सकाळी कोल्हापुरात दवाखान्याच्या खोलीत परिचारिकेने आईच्या हातातल्या बांगड्या काढायला सांगितल्या. आईने एकही फुटू दिली नाही. साबण लावून एकेक उतरवली आणि उशाशी ठेवली. मंगळसूत्र काढून स्वप्नालीच्या हातात दिलं. ते कुठे ठेवावं तिला कळेना, म्हणून तिने ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधलं. आबा खाली औषधांच्या दुकानात गेले होते. तात्या व्हरांड्यात बाकावर बसले होते, आत यायला ते धजत नव्हते.

हिरव्या झग्यात आई एवढीशी दिसत होती.

"शंभरातली ती सात-आठ," आई एकदम म्हणाली, "ती कोण, ते कळतंय का गं तुमच्यात?"

"न्हाय." स्वप्नालीचा आवाज चिरकला. "किती जातील ते कळतंय. कोण, ते न्हाय कळत."

"मग दोन वरसं काय शिकलीस?" आई हसली. हसल्याबरोबर तिला खोकला आला, आणि तो थांबेपर्यंत स्वप्नाली तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "मंगळवारी पेपर हाय न्हवं तुझा?"

"मी ह्या येळी बसत न्हाय."

"का?"

"तुला अशी टाकून जाऊ?" एवढ्यावर थांबावं असं तिला वाटलं, पण इतके दिवस दाबून धरलेलं बाहेर पडलंच. "आणि आई, मला पुस्तकच उघडवंना झालंय. आकडा दिसला की भ्या वाटतंय. मला न्हाय आता जमायचं ते."

आईने दाराकडे पाहिलं. मग तिने स्वप्नालीला जवळ बसायची खूण केली.

"असं म्हणू नकोस. देवानं सांगिटलंय, तू सोडणार न्हाईस म्हणून."

"कुठल्या देवानं?"

"रवळनाथानं. कौलात." आईचा आवाज आणखी खाली आला. "कुणाला बोलू नकोस. आप्रेशनचं मी देवाला इचारलंच न्हाय. ते डॉक्टरनी सांगिटलंय, तू सांगिटलंयस, आणि मला बी जगायचं हाय. त्यात इचारण्यासारखं काय ऱ्हातंय? भावजींचं समाधान व्हावं म्हणून गेलो. पण देवापुढं हात जोडले तवा मनात एकच आलं बघ. माझं काय बरं-वाईट झालं तर तुला घरी आणून बसवतील. तुझा आबा कुणाला न्हाय म्हणायचा न्हाय. म्हणून तेच धरलं. माझ्या माघारी हिची शाळा सुटंल का?"

स्वप्नालीने ओढणीची गाठ मुठीत धरली.

"डावा पडला. न्हाय सुटायची." आईने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तवापास्नं माझं निम्मं भ्या गेलं. भावजींस्नी खोटं सांगिटलं, त्याचं देव काय ते बघून घील."

गाभाऱ्यातला तो कोरडा खांदा स्वप्नालीच्या डोळ्यांपुढे आला. त्या दिवशी तिला डावं-उजवं नीट आठवलं असतं, तर तिने दुसरा खांदा पुसला असता. मग उजवा पडला असता. आणि आई, लेकीची शाळा सुटणार हे देवाच्या तोंडून ऐकून, तेच मनात घेऊन आज त्या दारातून आत गेली असती. इतक्या बारीक चुकीवर सगळं टांगलेलं होतं.

आणि जे पडलं तेही देवाने पाडलं नव्हतं.

सांगायला हवं होतं. आई, तो कौल खरा नाही, मी हात लावला होता. शब्द जिभेवर आले. आई तिच्याकडे बघत होती, चेहरा निवांत. कालपासून इतका निवांत चेहरा त्या मजल्यावर दुसऱ्या कुणाचा स्वप्नालीने पाहिला नव्हता. एवढ्यात दार उघडलं आणि दोघे जण चाकांची खाट आत घेऊन आले.

"जाशील न्हवं?" आईने विचारलं.

"व्हय," स्वप्नाली म्हणाली.

खाट लांबलचक व्हरांड्यातून गेली. तात्या उठून उभे राहिले, टोपी काढून. आबा औषधांची पिशवी घेऊन पळत आले आणि खाटेबरोबर चार पावलं चालले. मग दाराशी त्यांना थांबवलं. दार मिटल्यावरही ते पिशवी छातीशी धरून तिथेच उभे होते. शेवटी आतल्या एका माणसाने ती मागून घेतली, तेव्हा ते येऊन स्वप्नालीशेजारी बसले.

"काय म्हणत हुती?" बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं.

"मंगळवारी पेपर हाय म्हणत हुती."

आबांनी मान डोलावली. "ह्या येळी ऱ्हाऊ दे की. कोण काय म्हणायचं न्हाय तुला. पुढं काय हुतंय ते... तुझे तात्या बी म्हणत हुते, पोरीनं आता घरी ऱ्हायला पायजे."

दाराच्या वर लाल दिवा लागला होता. स्वप्नालीने त्याच्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. तिला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. ओढणीची गाठ तिने चाचपून बघितली.

"न्हाय आबा, जायाला पायजे," ती म्हणाली. "कौल हाय तसा."

"कौल? त्याचा कवा लावला?"

आबा थोडा वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांनी पुन्हा विचारलं नाही. कौलाचं कुणी कुणाला विचारत नाही.

स्वप्नालीने पिशवीतून पुस्तक काढलं आणि मांडीवर उघडलं.